‘यो’ गळतो तेव्हा : कोरियन मालिका आणि संबोधनाचा प्रश्न

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)



विषय जाहीर झाल्यावर एक-दोन जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलं, "मॅडम, कांट सोडून तुम्ही कोरियन मालिकांवर कशा काय बोलणार?" मी म्हटलं, सोडून नाही, बरोबर घेऊन. माणूस दुसऱ्या माणसाला आपल्या बरोबरीचा कधी मानतो, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. निवृत्तीनंतर तोच प्रश्न रोज रात्री जेवणानंतर टीव्हीच्या पडद्यावर येऊन बसायला लागला. मग म्हटलं, त्याच्यावर बोलायलाच हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला डुलकी लागली तरी नुकसान नाही. चांगल्या कोरियन मालिकेत खरी घटना बहुतेक वेळा कथानकात घडत नाही, ती क्रियापदाच्या शेवटी घडते. कोण कुणाशी कोणत्या पातळीवर बोलतो, ती पातळी कधी बदलते आणि बदलायची परवानगी कुणी दिली, यात त्या मालिकांचं सगळं नीतिशास्त्र असतं. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याला हे दिसत नाही. मराठी कानाला मात्र ते ऐकू येऊ शकतं, आणि ऐकू आलं की ते आपल्याला आपल्या स्वयंपाकघरापर्यंत घेऊन येतं. ते कसं, ते बघू.

एक : उचललेले शब्द

दहा-बारा मालिका पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे एक छोटी शिदोरी जमलेली असते. आन्यंगहासेयो म्हणजे नमस्कार. काम्साहाम्निदा म्हणजे आभारी आहे. मियान्हे म्हणजे माफ कर. जिन्जा म्हणजे खरंच? देबाक म्हणजे कमालच. आणि सारांघे, ते काय मी सांगायला नको. २०२१ साली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने एकाच वेळी कोरियन मुळाचे २६ शब्द घेतले. त्यांत ओप्पा, ऑन्नी, नूना, देबाक हे सगळे आहेत. म्हणजे शिदोरी जगभर सारखीच आहे.

हे शब्द आपण सहलीहून आणलेल्या चुंबकांसारखे फ्रिजवर लावतो. त्याला माझी हरकत नाही. पण त्यांतले बरेचसे शब्द एकेकटे नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवा. आन्यंगहासेयोच्या शेजारी नुसतं आन्यंग आहे. काम्साहाम्निदाच्या शेजारी गोमावॉ आहे. मियान्हेच्या वर जेसोंगहाम्निदा आहे. अर्थ तोच, पण माणूस बदलला की शब्द बदलतो. मित्राचा धक्का लागला तर एक, साहेबाला लागला तर दुसरा. कोरियन शिकणं म्हणजे शब्द शिकणं कमी आणि समोरचा कोण आहे हे ओळखायला शिकणं जास्त.

व्याकरण आपल्याला परकं नाही. कर्ता, कर्म आणि क्रियापद सगळ्यांत शेवटी. मराठी माणसाला त्यात काही उलटसुलट वाटत नाही. गंमत त्या शेवटच्या क्रियापदात आहे. त्याच्या टोकाला ‘यो’ लागला की बोलणं आदराचं झालं. ‘यो’ काढला की जवळचं किंवा खालचं. आदराच्या बोलण्याला जोन्देन्माल म्हणतात आणि बिनआदराच्या बोलण्याला बान्माल. बान्मालचा शब्दशः अर्थ काय, तर अर्धं बोलणं. मला हा शब्द फार आवडला. एकेरी बोलणं म्हणजे अर्धं बोलणं! उरलेलं अर्धं कुठे जातं, हा आजचा प्रश्न.

आणि एका पातळीवरून दुसरीवर उतरण्यासाठी वेगळं विचारावं लागतं. ‘माल नोउसेयो’, म्हणजे बोलणं खाली ठेवा, माझ्याशी अरेतुरे करा. हे धाकट्याने मोठ्याला म्हणायचं असतं. म्हणूनच मालिकेतली दोन माणसं ओळख होताच एकमेकांचं वय विचारतात. आपल्याला तो भोचकपणा वाटतो. पण वय कळल्याशिवाय त्यांना वाक्य पुरं करता येत नाही हो! जून २०२३ पासून तिथे सरकारी कामकाजात आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय धरलं जातं. त्याआधीची चालत आलेली पद्धत अशी, की मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढायचं. कायद्याने आकडा बदलला. ‘यो’ कुणाला लावायचा हे ठरवायचं काम कायद्याच्या हातात नाही.

दोन : मराठी कान

इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्याचं काय होतं? ‘यू’ होतं. साहेब ‘यू’, शिपाई ‘यू’, आई ‘यू’, वैरी ‘यू’. एखादी बाई नवऱ्याशी भांडताना मध्येच आदराच्या बोलण्यावर जाते. कोरियन प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला कळतं की आता हे लग्न संपलं. सबटायटलमध्ये आधी ‘यू’ होतं, नंतरही ‘यू’च.

मराठीत तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. एकेरी आणि आदरार्थी बहुवचन आपण आईच्या कडेवर शिकलो. जुन्या घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ का, हे कुणी शिकवलं नाही, पण चुकलं तर डोळे वटारले जायचे. भांडणात एकदम "तुम्ही बोलूच नका" असं अहोजाहो सुरू झालं की शेजाऱ्यांना कळायचं, प्रकरण गंभीर आहे.

नात्यांचे शब्दही तसेच. ‘रिप्लाय १९८८’ ही २०१५-१६ मधली मालिका बघा. सोलच्या एका गल्लीतली पाच घरं. बायका एकमेकींना मुलांच्या नावाने ओळखतात, अमक्याची आई, तमक्याची आई. आपल्या चाळीत दुसरं काय होतं? पहिल्याच भागात एका घरची वाटी दुसऱ्या घरी जाते आणि रिकामी परत येत नाही. मुलं ताटं-वाट्या घेऊन जिन्यावरून धावत असतात. ते पाहताना गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला सबटायटलची गरज पडत नाही. नवऱ्याला हाक मारायचा शब्द ‘यॉबो’. तो ‘इकडे बघा’ या अर्थाच्या बोलण्यातून आला असं साधारण सांगितलं जातं. म्हणजे आपलं "अहो, ऐकलंत का"! भेटल्यावर विचारायचं, ‘बाप मॉगॉस्सॉ?’ इथे बाप म्हणजे भात, जेवण. जेवलास का? हे विचारताना त्यांनाही उत्तर नको असतं, आपल्यालाही नको असतं.

पण सारखेपणाने हुरळून जायचं नाही. आई म्हणजे ऑम्मा आणि वडील म्हणजे आप्पा हे ऐकून आपले लोक लगेच दक्षिण भारताशी रक्ताचं नातं जोडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना करणारं पुस्तकही लिहिलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं सिद्ध झालेलं मानत नाहीत. आई-वडिलांसाठी ओठांनी म्हणायचे असे शब्द जगातल्या कितीतरी भाषांत आहेत. बाळाला सगळ्यांत आधी ओठच हलवता येतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक शब्द तर बरोबर उलटा आहे. ओप्पा म्हणजे मुलीने मोठ्या भावाला मारायची हाक. मुलगा मोठ्या भावाला ह्यंग म्हणतो. मुलगी मोठ्या बहिणीला ऑन्नी म्हणते, मुलगा नूना. बोलणारा कोण यावर शब्द ठरतो. आता आपल्याकडे मुलीने एखाद्या तरुणाला ‘दादा’ म्हटलं की काय होतं? दार बंद. राखी बांधायचीच बाकी. कोरियन मालिकेत तीच मुलगी ‘ओप्पा’ म्हणाली की दार उघडतं, पार्श्वसंगीत सुरू होतं. (हशा) नात्याचा शब्द एकच असला तरी तो दार लावतोय की उघडतोय, हे त्या त्या समाजालाच ठाऊक असतं.

तीन : दोन प्रकारचं ‘तू’

आता थोडं तत्त्वज्ञान, घाबरू नका. जे. एल. ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने दाखवून दिलं की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, काम करतात. "मी वचन देतो" म्हटलं की वचन दिलं गेलं. मला वाटतं, संबोधन हे तसंच काम आहे. मी तुम्हाला ‘अहो’ म्हटलं तर मी आपल्यातल्या नात्याचं वर्णन करत नाही, मी ते नातं त्या क्षणी घडवते किंवा टिकवते.

आपल्या परंपरेत याला एक सुंदर शब्द आहे : औचित्य. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने काव्यात औचित्य कुठेकुठे असतं त्याची यादी केली. त्या २७ जागांमध्ये रस आणि अलंकार तर आहेतच, पण क्रियापद, लिंग, वचन, निपात हेही आहेत. म्हणजे एकवचन वापरलं की बहुवचन, एवढ्यावर कवितेचा जीव राहू किंवा जाऊ शकतो. कोरियन पटकथाकारांनी क्षेमेंद्र वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण क्षेमेंद्राने त्यांच्या मालिका पाहिल्या असत्या तर मान डोलावली असती.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘तू’ दोन कामं करतं. विठोबाला ‘तू’ म्हणतात. आईला ‘तू’ म्हणतात. आणि रस्त्यावर वाहन अडवून हवालदार ज्या गरिबाला दम भरतो, त्यालाही ‘तू’च म्हणतो. शब्द एकच, मग जवळीक कुठली आणि तुच्छता कुठली, हे कशावरून ठरवायचं? भावनेवरून म्हणाल तर ते कठीण आहे, कारण तुच्छतेने बोलणारे बरेच जण स्वतःला प्रेमळच समजत असतात. मी एक साधी कसोटी सुचवते. ते ‘तू’ उलट दिशेने परत येऊ शकतं का? विठोबाला ‘तू’ म्हणणारा वारकरी विठोबाचंही ‘तू’ आहे. हवालदाराला मात्र उलट ‘तू’ म्हणून बघा! जिथे ‘तू’ दोन्ही बाजूंनी चालतं तिथे जवळीक. जिथे एकाच बाजूने वाहतं तिथे सत्ता. आणि जिथे दिशा बदलते तिथे नाट्य.

ही कसोटी घेऊन तीन मालिका बघू.

चार : तीन मालिका

पहिली ‘मिसेंग’, २०१४ सालची. मिसेंग हा बादुक या सोंगट्यांच्या खेळातला शब्द. ज्या सोंगट्यांचं जगणं-मरणं अजून पक्कं झालेलं नाही त्या मिसेंग. जांग ग्युरे नावाचा तरुण लहानपणापासून हाच खेळ खेळत वाढला, पण व्यावसायिक खेळाडू होऊ शकला नाही. पदवी नाही, शिफारशीने एका मोठ्या व्यापारी कंपनीत उमेदवार म्हणून लागला. सगळे त्याला टाळतात. त्याचा वरिष्ठ ओ सांग-शिक, त्याला सगळे ग्वाजांग-निम म्हणजे विभागाचे साहेब म्हणतात, तोही सुरुवातीला त्याला जवळ करत नाही. मग एका रात्री दारू प्यालेला ओ दुसऱ्या विभागाच्या माणसाशी हुज्जत घालताना बोलून जातो, की तुमच्या पोरामुळे ‘उरी ए’ला बोलणी खावी लागली. उरी ए म्हणजे आमचं पोरगं. बस, दोनच शब्द. जांग ग्युरे रस्त्यात थांबतो. त्या दिवसापर्यंत त्याला कुणी ‘आमचं’ म्हटलेलं नसतं.

‘उरी’ या शब्दाशी मराठी माणसाचं जुनं सख्य आहे. कोरियन माणूस ‘माझी आई’ म्हणत नाही, ‘आमची आई’ म्हणतो. एकुलता एक असला तरी! आपणही "आमची आई म्हणायची", "आमचे हे" असंच म्हणतो. इंग्रजीत हे भाषांतर हास्यास्पद होतं, मराठीत ते जसंच्या तसं बसतं. म्हणून तो प्रसंग मराठी प्रेक्षकाला थेट लागतो.

पण टीकाकाराने इथे थांबून चालत नाही. पुढे काय होतं? जांग ग्युरे कंत्राटी कर्मचारी होतो, जीव तोडून काम करतो, आणि मुदत संपल्यावर कंपनी त्याला कायम करत नाही. त्याला ‘आमचं’ म्हणणाऱ्या ओलाही त्याची नोकरी वाचवता येत नाही. त्या शब्दाने त्याला सगळं दिलं, फक्त कायम नोकरीचं पत्र दिलं नाही. मालिकेचा मोठेपणा मी यात मानते, की तिने शब्दाची ऊबही खरी दाखवली आणि तिची मर्यादाही झाकली नाही. योगायोग बघा, ही मालिका ज्या वाहिनीवर आली ती सीजे समूहाची. त्या समूहाने २००० सालीच कचेरीत पदनामं सोडून सरसकट नावापुढे ‘निम’ लावायची पद्धत आणली होती. संबोधनं सपाट करता येतात. पगाराची उतरंड तशीच राहू शकते.

दुसरी ‘स्क्विड गेम’, २०२१. रक्तपात खूप आहे, सगळ्यांना झेपणार नाही. त्यात अली नावाचा पाकिस्तानी कामगार आहे. ती भूमिका आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली आहे. अलीचा मालक त्याला महिनोनमहिने पगार देत नाही. कामात त्याची बोटं गेलेली आहेत. तो कुणाशीही बोलताना ‘साजांग-निम’ म्हणतो. म्हणजे शेठ, मालक. कारखान्यात शिकलेली ही त्याची कोरियन. आपण सोफ्यावर बसून सारांघे शिकलो. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका इथून मजुरीला गेलेल्यांच्या कानावर दिवसातून शंभर वेळा पडतं ते साजांग-निम. कोण कोणती कोरियन शिकतो, यातही वर्ग असतो, हे तुम्हीआम्ही विसरू नये.

तर संकटात सांग-वू नावाचा सुशिक्षित माणूस अलीला मदत करतो आणि सांगतो, साजांग-निम नको, ह्यंग म्हण. दादा म्हण. अलीचा चेहरा उजळतो. त्या परक्या देशात त्याला पहिल्यांदा कुणीतरी नात्यात घेतलं. पुढे गोट्यांच्या खेळात हाच ह्यंग त्याच्या विश्वासाचा फायदा घेऊन त्याला फसवतो आणि तो फसवणुकीने मरतो. गोट्यांच्या जागी खडे भरलेली पिशवी हातात, आणि तो आपल्या ह्यंगला हाका मारत असतो.

माझी कसोटी इथे लावा. सांग-वूने ‘साजांग-निम’चं ‘ह्यंग’ केलं, पण दिशा बदलली नाही. शब्द जवळचा झाला, सत्ता जिथे होती तिथेच राहिली, उलट जवळच्या शब्दामुळे ती दिसेनाशी झाली. शेठ म्हणत होता तोवर अली सावध तरी राहिला असता. दादा म्हटल्यावर त्याने ढाल खाली ठेवली.

तिसरी ‘मिस्टर सनशाइन’, २०१८. माझ्या मते संबोधनाचा सगळ्यांत खोल विचार हिच्यात आहे. काळ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा, जपानने कोरिया गिळायच्या आधीचा. नायक यूजीन चोई जन्माने नोबी, म्हणजे गुलाम. धन्याने आईवडिलांचा बळी घेतला, पोर पळालं, अमेरिकेला पोचलं, तिथल्या सैन्यात अधिकारी होऊन परत आलं. नायिका गो ए-शिन उमराव घराण्यातली आणि लपून बंदूक चालवणारी. गू दोंग-मे नावाचा तिसरा माणूस खाटिकाचा मुलगा, तिथल्या भाषेत बेकजॉंग, ज्यांच्या सावलीचाही तिटकारा होता. १८९४ च्या सुधारणांनी गुलामी कायद्यातून गेली. तोंडातून गेली नव्हती. त्या जगात उमरावाचं शेंबडं पोर म्हाताऱ्या गड्याला बान्मालमध्ये हुकूम सोडतं आणि म्हातारा वाकून आदराने उत्तर देतो. हे चित्र महाराष्ट्रात कुणाला नवीन आहे? आपल्या गावांत सवर्णांच्या दहा वर्षांच्या मुलाने साठ वर्षांच्या दलित माणसाला एकेरी हाक मारायची, ही रीत होती. ती ऐकत, सोसत मोठी झालेली माणसं आजही आपल्यात आहेत.

यूजीन आणि ए-शिन एकमेकांशी कसे बोलतात? एका तिसऱ्याच पातळीवर. तिचं नाव हाओ-छे. वाक्याच्या शेवटी ‘ओ’ किंवा ‘सो’ येतो. समोरच्याचा मान राखायचा आणि स्वतःलाही खाली आणायचं नाही, असा तो मधला सूर. आजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेलेला आहे. पटकथाकार किम उन-सुक यांनी गुलामाचा मुलगा आणि उमरावाची नात यांना दोघांनाही तोच सूर दिला. दोघे चोवीस भागांत फारसं काही करत नाहीत, पण ज्या पातळीवर ती बोलते त्याच पातळीवर तो बोलतो. हीच त्यांची प्रेमकथा.

आणि ती सहज मिळालेली नाही. तो आपला जन्म सांगतो तेव्हा तिचा चेहरा बदलतो. देशासाठी जीव द्यायला निघालेली ही मुलगी, पण गुलामाच्या पोराशी आपण बरोबरीने बोललो हे तिला क्षणभर सोसत नाही. तो तिला विचारतो, की तू ज्या देशाला वाचवायला निघालीस त्यात गुलामाला जगता येईल का, खाटिकाला जगता येईल का. त्यानंतर तिला स्वतःला बदलावं लागतं. राष्ट्र मोठं की माणूस, हा वाद आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ म्हणून झाला. तो वाद मला या मालिकेत क्रियापदांच्या टोकांवर चाललेला ऐकू आला.

एक गोड गोष्ट सांगते. ए-शिन इंग्रजी शिकायला जाते. ‘लव्ह’ असा एक शब्द तिच्या कानावर आलेला असतो, तो सरकारी हुद्द्यापेक्षाही चांगला असतो असं तिने ऐकलेलं असतं. म्हणजे तीही आपल्यासारखीच परभाषेतले शब्द वेचतेय! तिला तो शब्द हवासा वाटतो. आणि माझ्या मनात येतं, त्या शब्दाला वरची-खालची पातळी नाही, म्हणून तर नव्हे?

पाच : आणि आपण

आता आक्षेप. सगळ्याच कोरियन मालिका अशा नाहीत. ढीगभर मालिकांत श्रीमंत वारसदार गरीब मुलीशी दुसऱ्या भागातच ‘यो’ टाकून बोलायला लागतो, ती सोळाव्या भागापर्यंत ‘यो’ सांभाळत राहते, आणि याला प्रेम म्हणून विकलं जातं. कसोटी लावा, ‘तू’ परत जातंय का? जात नसेल तर गाणं कितीही गोड असो, ते नातं बरोबरीचं नाही. उतरंड वाईट असं न म्हणता ‘वर बसलेला माणूस चांगला हवा’ एवढंच म्हणायची या मालिकांना सवय आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत पाच नाती मोजली आहेत : राजा-प्रजा, बाप-मुलगा, पती-पत्नी, थोरला-धाकटा आणि मित्र-मित्र. पाचांतलं एकच बरोबरीचं. मालिका उरलेल्या चारांत ऊब भरतात. पाचव्याकडे क्वचित जातात.

हे सांगून आपण हात झटकले तर सोपं होईल. पण आपल्या घरी काम करायला येणाऱ्या बाईंना आपण काय म्हणतो? मावशी. गोड शब्द आहे. "त्या आमच्या घरातल्याच आहेत." हे आपलं ‘उरी’. वीस-वीस वर्षं येणाऱ्या या घरातल्याच बाईंना भरपगारी रजा किती? आजारी पडल्या तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? आपल्या खुर्चीवर त्या बसतात का? आणि आपली कॉलेजातली मुलगी त्यांना "मावशी, तू उद्या लवकर ये" म्हणते, तेव्हा मावशी तिला उलट कशा बोलतात ते जरा कान देऊन ऐका. बऱ्याच घरांत त्या ‘ताई’ म्हणतात आणि अहोजाहो करतात. सांग-वूने अलीला दिलेला ‘ह्यंग’ आणि आपण मावशींना दिलेली ‘मावशी’, यांत किती अंतर आहे? मी उत्तर देत नाही. प्रत्येकाने आपल्या घरापुरतं द्यावं.

माझं म्हणणं असं नाही की नात्याचे शब्द टाकून द्या आणि सगळ्यांना ‘यू’ करा. ‘यू’ने अमेरिकेत वंशभेद संपला नाही. शब्द राहू देत. त्यांना जे वचन चिकटलेलं आहे, ते पाळावं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : या वयात मालिकांवरून कोरियन शिकता येईल का?*

बोलीचे तुकडे येतील, भाषा नाही. आधी लिपी शिका. राजा सेजोंगने ती १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. बऱ्याच जणांना आठवड्याभरात वाचता येते. ‘ग’चं अक्षर जिभेचं मूळ टाळ्याला लागतं त्या आकाराचं आहे, ‘न’चं जिभेच्या टोकाचं, ‘म’चं तोंडाचं. कवर्ग-चवर्ग पाठ केलेल्या आपल्या लोकांना ही मांडणी ऐकूनच आनंद होतो. चीनची लिपी आल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही असं मानणाऱ्या दरबारी पंडितांनी तिला विरोध केला, हाही भाग आपल्या ओळखीचा. आणि कोरियात गेलात तर अनोळखी माणसाशी ‘यो’ लावूनच बोला. मालिकेतले नायक बोलतात तसं बोलू नका.

*प्रश्न : माझी नात मला ‘आजी, तू’ म्हणते. जुन्या लोकांना खटकतं. तुमच्या कसोटीने हे बरोबर का?*

तुम्ही तिला ‘तू’ म्हणता ना? मग झालं. दोन्हीकडून चालतंय. काळजी तेव्हा करा जेव्हा ती तुम्हाला ‘तू’ म्हणेल आणि रखवालदारकाकांनाही ‘तू’ म्हणेल. पहिलं प्रेमाचं आहे, दुसरं कुठून आलं ते शोधा.

*प्रश्न : एखादा शब्द सांगा, जो आम्ही घरी घेऊन जाऊ.*

२०२५ साली आलेली एक मालिका आहे, इंग्रजीत ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’. तिचं मूळ नाव जेजू बेटाच्या बोलीत आहे, ‘पोकसाक सोगात्सुदा’. ती बोली आता फार थोडी माणसं बोलतात. युनेस्कोने तिला अत्यंत संकटात सापडलेल्या भाषांत धरलं आहे. सोलच्या माणसाला ते नाव ऐकून वाटतं, ‘पुरते फसलात’. जेजूत त्याचा अर्थ आहे, ‘फार कष्ट केलेत हो तुम्ही’. आता गंमत अशी, की प्रमाण कोरियनमध्ये ‘कष्ट केलेत’ या अर्थाचा जो शब्द आहे, तो शिष्टाचाराच्या नियमाप्रमाणे मोठ्याने धाकट्याला म्हणायचा, धाकट्याने मोठ्याला नाही. ही मालिका आईवडिलांच्या पिढीला उद्देशून तेच म्हणते, बोलीचा आधार घेऊन, आदराने आणि खालून वर.

आज घरी जाल तेव्हा मावशी भांडी घासत असतील तर हे त्यांना मराठीत म्हणून बघा, अहोजाहो करून. पुढच्या महिन्याच्या पगारात आणि रजेतही ते दिसू द्या. शब्दांचा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो.